पगार वेळेवर मिळत नसेल तर नोटीस न देता नोकरी कशी सोडावी

नोटीस न देता नोकरी सोडणे आणि न सांगता नोकरी सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पगार थकलेल्या माणसाचे मोठे नुकसान बहुतेक वेळा हा फरक वेळेत न कळल्यामुळे होते. न सांगता जाणारा माणूस एके दिवशी कामावर जाणे बंद करतो, फोन उचलत नाही, आणि काही दिवसांनी त्याच्या हाती 'विनापरवानगी गैरहजर' असा शेरा असलेले पत्र पडते; ज्याचा पगार बुडाला तोच दोषी ठरतो. नोटीस न देता जाणारा माणूस मात्र पगार कधी यायचा होता, कधी आला आणि किती राहिला हे कागदावर मांडतो, मालकाला तो चुकता करण्याची संधी देतो, आणि ती संधी वाया गेल्यावर तेच कारण लेखी कळवून त्याच दिवशी बाहेर पडतो. नोटीसचा काळ दोघांनीही भरलेला नसतो, परंतु कामगार अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायालयात दोघांची बाजू सारखी राहत नाही. पुढे जे लिहिले आहे ते सगळे या दुसऱ्या मार्गाविषयी आहे.

हा हक्क कोठून येतो

नोकरी हा देवाणघेवाणीचा करार आहे. एक बाजू काम करते, दुसरी बाजू ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम देते, आणि नोटीसचा काळ हेही त्याच करारातले एक कलम असते. ज्या बाजूने करारातली मुख्य अटच मोडली, तिने समोरच्याला मात्र नोटीसच्या कलमाने बांधून ठेवावे, हे पुष्कळ देशांच्या कायद्यांना मान्य नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४९ सालच्या ९५ क्रमांकाच्या वेतन संरक्षण करारात वेतन नियमितपणे दिले जावे आणि नोकरी संपताना सगळ्या वेतनाचा अखेरचा हिशेब व्हावा, असे स्पष्ट म्हटले आहे. ब्रिटनमध्ये १९७८ सालच्या एका निकालापासून हे तत्त्व पक्के झाले आहे की, मालकाने कराराच्या मुळावर घाव घालणारे वर्तन केले आणि त्या कारणाने कर्मचारी निघून गेला, तर तो राजीनामा असूनही मालकानेच काढून टाकल्यासारखा मानता येतो. चीनच्या १ जानेवारी २००८ पासून लागू असलेल्या श्रम करार कायद्यात तर वेतन वेळेवर व पूर्ण न देणे हे कर्मचाऱ्याने करार संपवण्याचे कारण म्हणून नावानिशी लिहिलेले आहे, आणि अशा वेळी सेवेच्या दर वर्षामागे साधारण एका महिन्याच्या वेतनाइतकी भरपाई देण्याचीही तरतूद आहे.

मात्र प्रत्येक उशीर हा कराराच्या मुळावरचा घाव नसतो, आणि पहिली चूक येथेच होते. बँकेच्या सुट्टीमुळे पगार दोन दिवस पुढे गेला म्हणून कोणी तडकाफडकी निघून गेले, तर त्याच्या बाजूने बोलणे कोणालाही कठीण आहे. काही ठिकाणी कायद्यानेच मोजपट्टी ठरवून दिली आहे. हाँगकाँगमध्ये देय तारखेपासून एक महिना उलटूनही वेतन मिळाले नाही, तर मालकानेच नोटीस न देता करार संपवला असे कर्मचारी मानू शकतो. रशियात पंधरा दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला, तर मालकाला लेखी कळवून पैसे हातात येईपर्यंत काम थांबवता येते. म्हणजे नोकरी न सोडताही हात आखडता येतो. जर्मनीत ठराविक दिवसांचा आकडा नाही, परंतु थकबाकी रकमेने मोठी किंवा काळाने लांबलेली असावी आणि कर्मचाऱ्याने आधी लेखी समज दिलेली असावी, अशी न्यायालयांची अपेक्षा असते.

भारतात २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०१९ सालच्या वेतन संहितेनुसार मासिक वेतन पुढच्या महिन्याचा सातवा दिवस संपण्याआधी द्यावे लागते. उशीर झाला की नोटीस माफ, असे सरळ वाक्य त्या संहितेत नाही. तेथे आधार घ्यावा लागतो तो १८७२ सालच्या करार कायद्याचा, ज्यानुसार एका पक्षाने आपले वचन पुरे करण्यास पूर्णपणे नकार दिला किंवा तो ते पुरे करू शकत नाही अशी स्थिती झाली, तर दुसऱ्याला करार संपवता येतो. 'पूर्णपणे' या शब्दामुळे वाद घालायला जागा उरते, हे मान्य केले पाहिजे. पण दुसरीकडे, कोणतेही न्यायालय माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामावर बसवत नाही. वाईटात वाईट म्हणजे मालक नोटीसच्या दिवसांचा पगार मागतो किंवा हिशेबातून कापू पाहतो. ज्याच्याकडून चार महिन्यांचे येणे आहे त्याने एका महिन्याची कपात मागितली तर काय होईल, याचे गणित शांतपणे करून पाहावे. आपल्याला वाटणारी भीती आणि प्रत्यक्ष धोका यांत बरेच अंतर असल्याचे त्या गणितातून दिसते.

तुम्ही ज्या देशात काम करता तेथील पगाराची कायदेशीर मुदत, करारातली पगाराची तारीख आणि नोटीसचे कलम, या तीन गोष्टी एका कागदावर उतरवून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. करारात तारीखच लिहिलेली नसेल, तर पहिल्या वर्षभराचे बँकेचे उतारे काढावेत. पगार दर महिन्याला एका ठराविक तारखेच्या आसपास जमा होत होता हे त्यातून दिसले, की तीच रूढ तारीख म्हणून मांडता येते.

आधी वही, मग पत्र

रखडलेल्या पगाराचे भांडण आठवणीवर लढता येत नाही. म्हणून एक साधी वही घ्यावी आणि प्रत्येक महिन्यासाठी एक ओळ लिहावी: देय तारीख, देय रक्कम, प्रत्यक्ष जमा झाल्याची तारीख, जमा झालेली रक्कम, उरलेली रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात कोणी काय सांगितले ते. हा शेवटचा रकाना लोक सोडून देतात, आणि खरे वजन त्याचेच असते. 'पुढच्या सोमवारी नक्की', 'मोठ्या गिऱ्हाइकाचे पैसे अडकलेत', 'आधी खालच्या लोकांचे करतो, तुम्ही समजून घ्या' ही वाक्ये ज्या दिवशी ऐकली त्याच दिवशी, बोलणाऱ्याच्या हुद्द्यासह लिहून ठेवावीत. तोंडी आश्वासन मिळाले की त्याच संध्याकाळी एक छोटा मेल पाठवावा: 'आज दुपारी आपण सांगितल्याप्रमाणे मार्च महिन्याचे वेतन या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत जमा होईल, अशी नोंद घेत आहे.' उत्तर आले नाही तरी चालते. आश्वासन कागदावर आले आणि तारीख पक्की झाली, एवढे पुरे.

वहीबरोबर कागद गोळा करावेत: नियुक्तीपत्र, पगारवाढीची पत्रे, पगार स्लिपा, बँकेचे उतारे, हजेरीची नोंद, कामाचे मेल. यांतले जे कार्यालयाच्या मेलवर किंवा प्रणालीत आहे, ते नोकरी चालू असतानाच घ्यावे लागते, कारण राजीनामा पोहोचल्यावर लॉगिन बहुधा त्याच दिवशी बंद होते. फक्त आपल्या वेतनाशी, हजेरीशी आणि कराराशी संबंधित कागदच घ्यावेत. गिऱ्हाइकांच्या याद्या किंवा कंपनीची इतर माहिती उचलली, तर पगाराचा वाद बाजूला पडून चोरीचा वाद सुरू होतो.

आणखी एक गोष्ट याच वेळी तपासावी. पगारातून भविष्यनिर्वाह निधी, विमा किंवा कर म्हणून जे कापले जाते ते खरोखर भरले जाते आहे का, हे संबंधित खात्याच्या नोंदीत पाहावे. स्लिपवर कपात दिसते आणि खात्यात जमा दिसत नाही, असे असेल तर तो नुसता उशीर राहत नाही. ती वेगळी आणि बहुतेक ठिकाणी अधिक गंभीर तक्रार असते, आणि पत्रात तिला स्वतंत्र परिच्छेद द्यावा.

समज देणारे पत्र

राजीनाम्याच्या आधी एक पत्र जायलाच हवे. त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, पुष्कळ ठिकाणी अचानक नोकरी सोडण्याचा हक्क मालकाला दोष सुधारण्याची संधी दिल्यावरच पुरता तयार होतो. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ सालच्या कामगार कायद्यानुसार मालकाने कराराचे पालन केले नाही म्हणून नोटीस न देता जायचे असेल, तर त्याच्या किमान चौदा कामाचे दिवस आधी मंत्रालयाला कळवावे लागते. हे न करता जो निघून जातो त्याच्यावर पळून गेल्याचा ठपका येऊ शकतो. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. महिनोन्महिने उशिरा आलेला पगार काही न बोलता घेत राहिलेल्या माणसाला उद्या विचारले जाते की, एवढे दिवस चालत होते, मग आजच काय झाले? गप्प राहणे हीच संमती होती, असा युक्तिवाद होतो. एक पत्र गेले की तो युक्तिवाद उरत नाही.

पत्रात राग नको, उपमा नको, घरची अडचणही नको. हप्ते थकले, मुलांची फी राहिली हे सगळे खरे असते, पण त्याने हक्काची मागणी विनवणीसारखी दिसू लागते. पत्र असे असावे:

'माझ्या नियुक्तीपत्रानुसार माझे मासिक वेतन दरमहा अमुक तारखेपर्यंत देय आहे. अमुक ते अमुक या महिन्यांचे वेतन देय तारखेस मिळालेले नाही. महिनावार देय व जमा रकमांचा तक्ता सोबत जोडला आहे. आजअखेर एकूण थकीत रक्कम अमुक इतकी आहे. वेतन विलंबाने देण्यास माझी कधीही संमती नव्हती व नाही. ही संपूर्ण रक्कम अमुक तारखेपर्यंत माझ्या बँक खात्यात जमा करावी. तोपर्यंत मी माझे सर्व हक्क राखून काम करत आहे. ठरलेल्या तारखेपर्यंत रक्कम जमा न झाल्यास, वेतन न देणे हा कराराचा मूलभूत भंग समजून मी नोटीसचा कालावधी न पाळता सेवा समाप्त करण्यास मोकळा राहीन.'

मुदत फार आखूड देऊ नये आणि फार लांबही नको; सात ते दहा दिवस वाजवी वाटतात. स्थानिक कायद्याने ठरवलेला अवधी असेल तर अर्थातच तोच धरावा. पत्र मेलने पाठवावे आणि पोचपावती मिळेल अशा टपालानेही पाठवावे. नुसत्या व्हॉट्सॲपवर भिस्त ठेवू नये, कारण ते खाते कंपनीच्या फोनवर असेल तर तो फोन परत द्यावा लागतो. हातात द्यायचे असेल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्यावी. सही द्यायला कोणी नकार दिला तर प्रतीवर तसे लिहून त्याच दिवशी ते पत्र टपालात टाकावे.

या मुदतीत काही वेळा थोडी रक्कम येते. ती घ्यावी, नाकारू नये. परंतु त्याच दिवशी कळवावे की 'ही रक्कम अंशतः मिळाली असून उरलेल्या रकमेवरील माझा हक्क कायम आहे.' ठरलेल्या तारखेच्या आत पूर्ण रक्कम आली, तर मात्र या खेपेला निघून जाण्याचे कारण बव्हंशी संपते. मग नेहमीच्या नोटीसने बाहेर पडावे, किंवा पुढच्या उशिराला जुन्या पत्राचा दाखला देऊन पुन्हा हीच पायरी चढावी. वारंवार होणारा उशीर, प्रत्येक वेळी शेवटच्या क्षणी मिटवला गेला तरी, एकत्रितपणे मांडता येतो, आणि वही येथे कामाला येते.

सोडण्याआधी जे पाहावे

माझे मत असे आहे की, ज्याच्या हाती दुसरे काम नाही त्याने समज देणारे पत्र लगेच पाठवावे आणि निर्णय मात्र मुदत संपेपर्यंत राखून ठेवावा. पत्राने काहीही गमावले जात नाही, राजीनाम्याने जाते. ज्यांचे त्या देशात राहणेच नोकरीच्या व्हिसावर अवलंबून आहे त्यांनी नोकरी संपल्यावर किती दिवस राहता येते हे आधी विचारून घ्यावे. बेकारी भत्ता मिळणाऱ्या पुष्कळ देशांत आपणहून नोकरी सोडणाऱ्याचा भत्ता काही काळ रोखला जातो; जर्मनीत हा काळ बारा आठवड्यांपर्यंत असू शकतो, आणि सबळ कारण दाखवता आले तरच तो टळतो. थकलेला पगार हे असे कारण ठरू शकते, पण ते त्या कार्यालयाला कागदावर दिसावे लागते. म्हणून राजीनाम्याआधी तेथे जाऊन विचारणे आणि विचारल्याची नोंद घेणे चांगले.

दुसऱ्या टोकाला, फार थांबणेही धोक्याचे आहे. जर्मनीत कारण कळल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आणि पोलंडमध्ये एका महिन्याच्या आत तातडीचा राजीनामा द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये ठराविक दिवस नाहीत, पण मालकाच्या भंगानंतर जो खूप काळ नेहमीसारखा काम करत राहतो त्याने तो भंग मान्य केला असे धरले जाऊ शकते. मुदत संपली आणि पैसे आले नाहीत, तर आणखी एक 'बघू' म्हणण्याऐवजी त्याच आठवड्यात निर्णय घ्यावा.

राजीनाम्यातले दोन शब्द

आता सर्वांत नाजूक जागा. राजीनाम्यात 'वैयक्तिक कारणास्तव' असे कधीही लिहू नये.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. एका जुन्या नोकरीत माझा पगार सात तारखेवरून पंधरावर, मग पंचविसाव्या तारखेवर आणि शेवटी पुढच्या महिन्यात घसरत गेला. तीन महिन्यांचे येणे असताना मी नोकरी सोडली, आणि सोडताना एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आपुलकीने सांगितले की उगाच वाकडे नको, साधे वैयक्तिक कारण लिही, पैसे लवकर सुटतील. मी तसे लिहिले. पैसे सुटले नाहीत म्हणून पुढे मी तक्रार घेऊन गेलो, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने माझ्या फाइलमधले बाकीचे सगळे कागद बाजूला सारले, राजीनाम्याचे ते एक पान पुढे ओढले आणि पेनाचे टोक त्या दोन शब्दांखाली ठेवून विचारले, 'हे तुमचेच अक्षर ना?' थकलेला पगार मला पुढे मिळाला, पण नोटीसच्या दिवसांची कपात मला सोसावी लागली, कारण मी पगारामुळे गेलो हे माझ्याच सहीच्या कागदाने नाकारले होते.

जाण्याचे कारण आणि जाणे यांची गाठ त्याच एका पत्रात बांधली गेली पाहिजे. नंतर दिलेले स्पष्टीकरण नंतर सुचलेले वाटते. म्हणून राजीनामा असा लिहावा:

'अमुक तारखेच्या पत्राने मी थकीत वेतनाची मागणी केली होती व अमुक तारखेपर्यंत मुदत दिली होती. त्या मुदतीत वेतन जमा झालेले नाही. अमुक ते अमुक या महिन्यांचे मिळून अमुक इतके वेतन आजही थकीत आहे. ठरलेले वेतन न देणे हा सेवाकराराचा मूलभूत भंग आहे. केवळ या कारणास्तव मी आज, अमुक तारखेस, नोटीसचा कालावधी न पाळता माझी सेवा समाप्त करत आहे. थकीत वेतन, शिल्लक रजांचे पैसे व इतर सर्व येणे यांचा अखेरचा हिशेब करून रक्कम माझ्या खात्यात जमा करावी, तसेच अनुभव प्रमाणपत्र द्यावे. माझ्या ताब्यातील कंपनीच्या वस्तू मी आज सोबतच्या यादीप्रमाणे परत करत आहे.'

'केवळ' हा शब्द गाळू नये. नवी नोकरी मिळाली आहे, पगारवाढ झाली नाही, वरिष्ठांशी पटत नव्हते, ही वाक्ये या पत्रात आली की मालकाला दुसरे कारण दाखवायला सोपे जाते. आणि 'माफ करा' किंवा 'सहकार्याबद्दल आभार' अशा सवयीच्या ओळीही येथे नकोत; आभार मानायचेच असतील तर सहकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून मानावेत.

जाण्याचा दिवस

पत्र मेलने सकाळी, कामाच्या वेळेत पाठवावे आणि त्याची छापील प्रत हातात द्यावी. लॅपटॉप, फोन, किल्ल्या, ओळखपत्र, रोख रक्कम किंवा पावतीपुस्तके जे काही आपल्याकडे असेल ते यादी करून परत द्यावे आणि यादीवर सही घ्यावी. कोणी सही देत नसेल तर टेबलावर ठेवलेल्या वस्तूंचा, त्यांच्या क्रमांकासह, फोटो घ्यावा. पगार मिळेपर्यंत लॅपटॉप देणार नाही, हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे, पण तो अमलात आणू नये. ज्या वस्तूची किंमत थकबाकीच्या मानाने किरकोळ आहे तिच्यासाठी तुमच्यावर पोलिसांत तक्रार होऊ शकते. आपल्या संगणकावरचे कामही पुसू नये. उलट चालू कामांची स्थिती एका पानावर लिहून द्यावी. हा चांगुलपणा नुसता शिष्टाचार नाही: अचानक गेल्यामुळे अमुक नुकसान झाले, असा दावा मालकाने केला तर तेच पान त्याचे उत्तर असते.

या दिवशी समोर काही कागद सहीसाठी येतील. 'माझे कंपनीकडून कोणतेही येणे बाकी नाही' असे म्हणणाऱ्या कागदावर, पूर्ण रक्कम खात्यात दिसल्याशिवाय, सही करू नये. 'ही नुसती औपचारिकता आहे, सही केली की उद्या चेक' असे सांगितले जाते. चेक आधी येऊ द्यावा आणि तो वटूही द्यावा. कोऱ्या कागदावर किंवा मागची तारीख घातलेल्या राजीनाम्यावर सही करण्याचा तर प्रश्नच नाही. वाचायला वेळ हवा आहे, घरी नेऊन वाचतो, एवढेच शांतपणे म्हणावे आणि उठावे.

पैसे वसूल करणे

अखेरचा हिशेब किती दिवसांत मिळायला हवा हे बहुतेक ठिकाणी ठरलेले असते आणि ते दिवस आपण समजतो त्यापेक्षा कमी असतात. भारताच्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन देण्याची तरतूद आहे. जपानमध्ये नोकरी सोडलेल्याने मागणी केल्यावर सात दिवसांत, तर संयुक्त अरब अमिरातीत करार संपल्यापासून चौदा दिवसांत देणे असते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात आगाऊ न कळवता गेलेल्या कर्मचाऱ्यालाही ७२ तासांत पैसे द्यावे लागतात, आणि मालकाने जाणूनबुजून टाळले तर त्याला उशिराच्या प्रत्येक दिवसासाठी एका दिवसाचे वेतन, कमाल तीस दिवसांपर्यंत, दंड म्हणून द्यावे लागते. तेव्हा 'तुम्ही नोटीस भरली नाही म्हणून हिशेब नाही' हे उत्तर खरे मानू नये. केलेल्या कामाचा पगार आणि न भरलेली नोटीस हे दोन वेगळे हिशेब आहेत. मालकाला दुसऱ्याची मागणी करता येईल, पण त्यासाठी पहिला गिळून टाकता येत नाही.

मुदत उलटली की कामगार खात्याकडे किंवा तेथील वेतनविषयक अधिकाऱ्याकडे लेखी दावा करावा. वही, दोन पत्रे, पोचपावत्या, नियुक्तीपत्र आणि बँकेचे उतारे तारखेच्या क्रमाने लावून वर एका पानाचा तक्ता ठेवावा. रोज पन्नास फायली पाहणाऱ्या माणसाला पहिल्या पानावर एकूण रक्कम दिसली पाहिजे. दावा करण्याला मुदत असते. भारतात वेतन संहितेखाली ती तीन वर्षांची आहे आणि अधिकारी मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देववू शकतो. इतर काही देशांत ही मुदत थोड्या महिन्यांचीच असते. मालक 'देतो, देतो' म्हणत असतानाही ती घटिका चालूच राहते, हे लक्षात ठेवून दिवस मोजावेत. सहकाऱ्यांचेही पगार थकले असतील तर दावे एकाच आठवड्यात दाखल करावेत. एकट्याच्या तक्रारीला 'कामचुकार होता' असे उत्तर देता येते, आठ जणांच्या तक्रारीला देता येत नाही.

कंपनीच बुडत असेल तर घाई करावी. उशिरा येणारा पगार हे पुष्कळदा दिवाळखोरीचे पहिले लक्षण असते, आणि रांगेत आपला क्रमांक लावायला उशीर झाला तर हाती काही पडत नाही. कर्मचाऱ्यांना या रांगेत बहुतेक ठिकाणी पुढची जागा दिलेली आहे: आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९२ सालच्या १७३ क्रमांकाच्या कराराने किमान तीन महिन्यांच्या वेतनाला असे प्राधान्य सुचवले आहे, आणि भारताच्या २०१६ सालच्या दिवाळखोरी संहितेत अवसायन (कंपनी बंद करून तिची मालमत्ता विकणे) सुरू होण्याआधीच्या २४ महिन्यांचे कामगारांचे येणे तारण असलेल्या धनकोंच्या, म्हणजे मालमत्ता गहाण घेऊन कर्ज देणाऱ्यांच्या, बरोबरीने धरले जाते, तर इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे येणे त्यांच्या मागोमाग येते. जर्मनीत दिवाळखोरीच्या आधीच्या तीन महिन्यांचे वेतन सार्वजनिक निधीतून मिळते, जपानमध्ये थकीत वेतनाच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम, ठराविक मर्यादेत, सरकारी योजनेतून आगाऊ दिली जाते. यांतले काहीही आपोआप होत नाही. नेमलेल्या अधिकाऱ्याकडे मुदतीत आपला दावा नोंदवावा लागतो.

पुढच्या मुलाखतीत विचारणा होईलच. 'पगार सलग काही महिने मिळाला नाही, मी लेखी मुदत दिली आणि त्यानंतर बाहेर पडलो', एवढे एकच वाक्य पुरे आहे; जुन्या मालकाची निंदा नको आणि लपवाछपवीही नको. सुटकेचे पत्र (जुन्या मालकाने कामातून मोकळे केल्याचे रिलीव्हिंग लेटर) मागितले गेले तर राजीनाम्याची प्रत व पोचपावती दाखवावी, आणि तक्रार प्रलंबित असेल तर तेही सांगावे.

रक्कम जमा झाली की वहीतल्या तक्त्याशी ती ओळीओळीने ताडून पाहावी: प्रत्येक महिन्याचा पगार, रजांचे पैसे, निधीत भरायची कपात, आणि नोटीसच्या नावाखाली काही कापले आहे का. काही कापले असेल तर ते कोणत्या कलमाने कापले हे लेखी विचारावे. सगळे जुळले तरच पूर्ण रकमेच्या पावतीवर सही करावी, आणि सहीखालची तारीख आपल्या हाताने लिहावी.